स्कॉटलंडमध्ये दुसऱ्याच्या रानातून धावता येतं, ते कसं?

मे २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर तंबू ठोकून रात्र काढण्याचा लोकांचा हक्क मान्य केला. जमीनमालक एका बाजूला आणि नॅशनल पार्क दुसऱ्या बाजूला, असा हा खटला दोन वर्षांहून जास्त काळ गाजला. त्या बातम्या वाचताना अनेकांना प्रश्न पडला, की इंग्लंडमध्ये एका माळावरून एवढं रामायण होतं, तर शेजारच्या स्कॉटलंडमध्ये लोक तळ्याकाठच्या खासगी जंगलातून बिनधास्त धावतात, फाटक उघडून आत जातात, ते पुन्हा लावून घेतात आणि त्यांना कुणी हटकत नाही, ते कसं?

ग्लासगो किंवा एडिंबराला शिकायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनातून लोकल साधारण पाऊण-एक तासात बॅलोखला, म्हणजे लॉख लोमंडच्या दक्षिण टोकाला सोडते. (लॉख म्हणजे तळं; समुद्राची आत शिरलेली फाटही तिथे लॉखच.) बूट आवळून निघालं की दोन-तीन किलोमीटरवर एखादं फाटक आणि ‘खासगी’ अशी पाटी आडवी येते. पुढे जायचं की मागे फिरायचं, हे तिथे ज्याचं त्यानेच ठरवायचं असतं.

## कायदा रस्त्याबद्दल नाही, वागण्याबद्दल आहे

आपल्याकडे वहिवाट म्हणजे काय हे गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पाणंद अडवली की तहसीलदाराकडे अर्ज जातो आणि भांडण एका ठरलेल्या पट्टीपुरतं असतं: या बांधावरून त्या बांधापर्यंत. पट्टी सोडून शेतात पाऊल टाकलं तर हक्क संपला. इंग्लंडचा कायदाही बराचसा याच वळणाचा आहे. नकाशावर आखलेल्या सार्वजनिक पायवाटा आहेत, आणि २००० सालच्या कायद्याने खुली झालेली जमीन देशाच्या जेमतेम आठ टक्के आहे.

स्कॉटलंडने हा हिशोबच उलटा केला. २००३ चा भूमी सुधारणा कायदा ९ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्याने जवळपास सगळ्या जमिनीवर आणि पाण्यावर सर्वांना जाण्याचा हक्क दिला. पायवाट असो वा नसो, मालक सरकार असो, धनाढ्य माणूस असो की राजघराणं, दिवस असो की रात्र. चालणं, धावणं, सायकल, घोडा, होडी सगळं चालतं, फक्त इंजिन लावलेलं वाहन चालत नाही.

पण या हक्काला एक अट चिकटलेली आहे: वागणं जबाबदारीचं हवं. जबाबदारीचं म्हणजे काय, ते ‘स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोड’ नावाच्या पुस्तिकेत उदाहरणांसह लिहिलेलं आहे. बेजबाबदार वागलात तर त्या क्षणापुरता हक्कच उरत नाही. पेरलेल्या शेतातून आरपार धावणारा किंवा मेंढ्यांच्या कळपात कुत्रा मोकळा सोडणारा माणूस ‘हक्क बजावताना चुकला’ असं कायदा म्हणत नाही. तो हक्काच्या बाहेरच गेलेला असतो.

म्हणून ‘स्कॉटलंडमध्ये घुसखोरीचा कायदाच नाही’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्य चूक आहे. मालक अशा माणसाला निघून जायला सांगू शकतो आणि वारंवार त्रास होत असेल तर न्यायालयातून मनाई हुकूम आणू शकतो. रेल्वेमार्ग तर हक्कातून पूर्ण वगळलेला आहे. समोरच्या तळ्यावर जवळच्या वाटेने पोचायचं म्हणून रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे. हायलँडमध्ये, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, रूळ आणि लॉख बऱ्याचदा हातात हात घालून जातात, त्यामुळे नकाशावर पूल किंवा अधिकृत फाटक कुठे आहे ते आधीच पाहून ठेवावं.

## मग कुणाच्या घरासमोरूनही धावायचं का?

नाही. घर आणि त्याला लागून ‘पुरेसा खासगीपणा मिळेल एवढी’ जमीन वगळलेली आहे. ‘पुरेसा’ म्हणजे किती फूट, हे कायद्यात मुद्दामच लिहिलेलं नाही. साध्या घराला कुंपणाच्या आतली बाग एवढा अर्थ होतो. वाडा मोठा असेल तर वाद होतो. स्टेजकोच बस कंपनीच्या सहसंस्थापक ॲन ग्लोग यांच्या पर्थजवळच्या किनफॉन्स किल्ल्याबद्दल २००७ मध्ये असाच खटला झाला, आणि न्यायालयाने दहा एकरांहून मोठा परिसर हक्काबाहेर ठेवला. निकालावर बरीच टीका झाली, पण धावणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते एवढंच: खिडक्या दिसू लागल्या की वळसा घ्या. घराच्या अगदी जवळून जाणारी जुनी वाट किंवा गाडीरस्ता असेल तर त्यावरून न रेंगाळता पुढे जाता येतं.

शाळेचं आवार, बांधकामाची जागा, चालू खाण हेही वगळलेलं. गोल्फ मैदान ओलांडता येतं, पण ‘ग्रीन’वर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवायचा नाही. आणि ‘खासगी रस्ता’ ही पाटी बहुतेक वेळा गाड्यांसाठी असते. पायी माणसाला ती अडवत नाही.

## महिना बघून वाट निवडा

हक्क बारा महिने तोच राहतो, पण जबाबदारीचं म्हणजे काय ते ऋतूप्रमाणे बदलतं. नवखे लोक चुकतात ते इथेच, कारण मोबाइलच्या ॲपमधली निळी रेघ जानेवारीत आणि सप्टेंबरात सारखीच दिसते.

मार्च ते मे हा मेंढ्या वितात तो काळ. गाभण मेंढी धावत्या माणसाला बिचकून पळाली तर तिचं नुकसान होऊ शकतं, आणि कोकरू आईपासून तुटतं. अशा कुरणात चालत जायचं किंवा बाहेरून वळसा घालायचा. वासरासोबतच्या गाईंचं प्रकरण त्याहून गंभीर आहे. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नये. गाय डोकं खाली घालून पुढे येऊ लागली की धावणं बंद, पाठ न दाखवता जवळच्या कुंपणाकडे सरकायचं. सोबत कुत्रा असेल तर अशा वेळी दोरी सोडून द्यावी; गाईचा राग त्याच्यावर असतो आणि तो तुमच्यापेक्षा जोरात पळतो.

पीक उभं असेल तर शेताच्या कडेच्या न पेरलेल्या पट्टीतून किंवा ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जाता येतं. गवताचं कुरण एरवी खुलं असतं, पण चाऱ्यासाठी राखलेलं गवत कापणीला आलं की तेही बंद समजायचं.

एप्रिल ते ऑगस्ट या काळात केअर्नगॉर्म्स या डोंगररांगेतल्या पाइन जंगलात वाट सोडू नये. तिथे कॅपरकेली नावाचा टर्कीएवढा रानकोंबडा जमिनीवर घरटं करतो. संपूर्ण ब्रिटनमध्ये हे पक्षी आता पाचशेच्या आसपास उरलेत आणि ते सगळे स्कॉटलंडमध्येच. भल्या पहाटे झाडीत घुसलेला एक धावपटू मादीला अंड्यांवरून उठवायला पुरेसा असतो.

मग येतो हरणांच्या शिकारीचा हंगाम. नर हरणांच्या शिकारीवर वर्षातले काही महिने असलेली कायदेशीर बंदी २०२३ मध्ये उठवली गेली, तरी ऑगस्ट ते २० ऑक्टोबर हाच गर्दीचा काळ राहिला आहे. रविवारी शिकार न करण्याचा रिवाजही बराचसा टिकून आहे. तुम्हाला गोळी लागेल ही भीती खरं तर मुख्य मुद्दा नाही. हरणांना माणसाचा वास वाऱ्यावर फार लांबून लागतो. शिकारी पहाटेपासून पोटावर सरपटत कळपाजवळ पोचलेला असतो, आणि तुम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाने कडेवरून धावत गेलात की त्याचा दिवस वाया जातो, इस्टेटीचं, म्हणजे त्या मोठ्या खासगी जमिनीचं, त्या दिवसाचं उत्पन्नही. म्हणून या दिवसांत उंच डोंगरउतार सोडून तळ्याकाठच्या रुळलेल्या वाटेवर धावणं शहाणपणाचं. इस्टेटीने पाटी लावून दुसरी वाट सुचवली असेल तर ती घ्यावी.

## जंगलात खरा धोका कुठला?

अस्वल-वाघ तिथे नाहीत. धोका असतो तो लाकूडतोडीचा. स्कॉटलंडचं बरंचसं जंगल हे लावलेलं पीक आहे, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या ओळीच्या ओळी. ते कापायला हार्वेस्टर नावाचं यंत्र येतं: झाड पकडतं, कापतं, सोलतं, ओंडके पाडतं. त्याच्या करवतीची साखळी तुटली तर तिचा तुकडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि कानाला संरक्षक लावून केबिनमध्ये बसलेल्या चालकाला तुम्ही आल्याचं कळतही नाही. वाट बंद असल्याची पाटी दिसली की वळायचं. इथे हक्काची भाषा करण्यात अर्थ नाही. रविवारी काम बंद असलं तरी रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांच्या थप्पीवर चढू नये, ती घसरते. सरकारी जंगलं ‘फॉरेस्ट्री अँड लँड स्कॉटलंड’कडे आहेत आणि बंद वाटांची माहिती ती संस्था आपल्या संकेतस्थळावर देते. वादळानंतर तर ती पाहिल्याशिवाय निघूच नये. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात लाखो झाडं आडवी झाली आणि काही वाटा पुढे कितीतरी महिने बंद होत्या.

## कुठून सुरुवात करावी?

पहिल्या वेळी लॉख लेव्हन. किनरॉस गावाला लागून, तळ्याभोवती सुमारे २१ किलोमीटरची सपाट, बारीक खडीची वाट आहे. पाणथळ पक्षी आणि पाइनच्या राया, शिवाय ज्या बेटावरच्या किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी १५६७-६८ मध्ये कैदेत होती ते बेट समोर. रस्ता चुकणं जवळजवळ अशक्य.

तेवढं जमणार नसेल तर ॲव्हीमोरजवळ रॉथीमर्कसच्या जंगलातलं लॉख ॲन आयलीन. फेरी जेमतेम ५ किलोमीटर, पाण्यात पडका किल्ला, दोन्ही बाजूंना जुनी कॅलेडोनियन पाइन. वाट रुंद आहे, पण मुळं आडवी वर आलेली आहेत. ओल्या मुळावर पाय तिरका पडला की कितीही महागडा बूट घसरतो. पाऊल मुळाच्या मागे-पुढे टाकावं, मुळावर नाही. गाडी लावायला पैसे पडतात. प्रवेशाचा हक्क पार्किंगला लागू नाही, यावरून वाद घालू नये.

लॉख कॅट्रिन माझ्या मते या सगळ्यांत धावायला सर्वांत सोयीचं. ग्लासगोला १८५९ पासून पिण्याचं पाणी इथून जातं. ट्रॉसाक्स पिअरवरून बोटीने स्ट्रॉनाख्लाखरला उतरायचं आणि तळ्याच्या वरच्या टोकाला वळसा घालून उत्तर काठाने परत धावत यायचं: साधारण २१ किलोमीटर, म्हणजे बोटीच्या तिकिटात एक हाफ मॅरेथॉन. रस्ता डांबरी आहे, पण खासगी असल्याने सार्वजनिक गाड्या नाहीत. चढउतार छोटे पण न संपणारे. खोल नक्षीचे ट्रेल बूट इथे उलट त्रास देतात, साधे रस्त्यावरचे घालावेत. मध्ये दुकान नाही, पाणी आणि खाणं अंगावर हवं. बोटीचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून बोट आधी, धावणं नंतर. उलट केलंत आणि शेवटची बोट चुकली तर परतीचे २१ किलोमीटर पुन्हा पायीच.

बाल्मोरल इस्टेटीतल्या लॉख मिकची फेरी सुमारे १२ किलोमीटरची. जमीन राजघराण्याची, पण हक्क इथेही तोच. एका बाजूला गाडीरस्ता आहे, तर तळ्याच्या वरच्या टोकाला वाट अरुंद आणि ओली. पाइनच्या झाडीत व्हिक्टोरिया राणीने बांधलेलं घर लागतं, तिथे मघाचा खिडक्यांचा नियम लावायचा.

लॉख अफ्रिकची १८ किलोमीटरची फेरी आणि लॉख लोमंडचा पूर्व काठ सवय झाल्यावर. लोमंडच्या काठाने ‘वेस्ट हायलँड वे’ ही १५४ किलोमीटरची वाट जाते. रोवार्डेननपर्यंत ठीक, पण इन्व्हरस्नेड ते इन्व्हरआर्नन या टप्प्यात दगड, मुळं आणि हातांनी धरून चढायच्या जागा आहेत. नकाशावर तो तळ्याकाठचा सपाट तुकडा दिसतो. तिथे धावण्याचा नेहमीचा वेग निम्मा धरा.

## किती वेळ लागेल, हे कसं काढायचं?

१८९२ मध्ये विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने चालणाऱ्यांसाठी नियम दिला: तासाला ३ मैल, आणि दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. धावणाऱ्याने त्यातलं प्रमाण तेवढं उचलायचं. चढाचा एक मीटर म्हणजे सपाटीचे साधारण आठ मीटर. १२ किलोमीटरच्या वाटेवर ३०० मीटर चढ असेल तर तो २.४ किलोमीटरएवढा, म्हणजे पाय १४.४ किलोमीटर धावल्यासारखे दमतात. किलोमीटरला ६ मिनिटं हा वेग असेल तर सुमारे ८६ मिनिटं. वाट दलदलीची असेल तर यात भर घालायची, आणि ती सढळ हाताने.

हा हिशोब चुकला तर हिवाळ्यात जिवावर बेतू शकतं. ॲव्हीमोरला डिसेंबरच्या मध्यात उजेड जेमतेम साडेसहा तास, दुपारी साडेतीनच्या सुमाराला सूर्य गेलेला. जंगलात त्याआधीच अंधार. हेडलॅम्प, शिट्टी, पातळ वारारोधक जॅकेट, ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा १:२५,००० चा नकाशा एवढं लागतंच. हे नकाशे स्कॉटलंडमध्ये हक्काच्या वाटा वेगळ्या दाखवत नाहीत, तेव्हा इंग्लंडमधली हिरवी तुटक रेघ इथे शोधू नका. मोबाइलची रेंज बऱ्याचदा बोलण्यापुरतीही नसते, पण ९९९ या क्रमांकावर ‘रजिस्टर’ असा इंग्रजी संदेश आधीच पाठवून ठेवला की आणीबाणीत मेसेजनेही मदत मागता येते. डोंगराळ भागात पोलिस मागायचे आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवी असं सांगायचं. ती पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत.

उन्हाळ्याचे त्रास वेगळे. मिज नावाची चिलटं ढगाळ, दमट, वारा पडलेल्या संध्याकाळी थव्याने येतात. ताशी दहा-अकरा किलोमीटरचा वारा असला की ती उडत नाहीत, म्हणून धावताना फार जाणवत नाहीत. बुटाची नाडी बांधायला वाकलात की कळतं. त्यांच्यापेक्षा गोचीड वाईट, कारण तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. ती कमरेएवढ्या वाढलेल्या नेच्यात आणि उंच गवतात पायाला चिकटते. धावून आल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, केसांच्या कडेला पाहायचं. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायची. तेल, व्हॅसलीन, काडी पेटवणं, यातलं काही करायचं नाही, कारण त्याने गोचीड पोटातलं बाहेर टाकते. पुढच्या काही आठवड्यांत वर्तुळाकार पसरत जाणारा लाल चट्टा आला तर डॉक्टर गाठावा. भारतात परतल्यावर आला तर स्कॉटलंडच्या रानात धावलो होतो हे आपणहून सांगावं. इथल्या डॉक्टरच्या मनात लाइम चटकन येणार नाही.

## पाय मोडला तर मालक भरपाई देणार का?

बहुधा नाही. मुळं, दगड, पाणी, कडा हे उघड दिसणारे नैसर्गिक धोके ज्याचे त्याने पत्करायचे, अशीच तिथल्या न्यायालयांची रीत आहे. मालकाने स्वतः धोका तयार केला असेल, उदाहरणार्थ वाटेवर न दिसणारी तार, तर गोष्ट वेगळी. मालक या कायद्याला फारसे घाबरत नाहीत ते यामुळेही.

शंभर जणांची शर्यत मात्र हक्कात बसवून घेता येत नाही. तंबू, गाड्या, पाण्याची टेबलं लागणार असतील तर मालकाशी आधी बोलणं आलं. चार-सहा जणांचा गट घेऊन जाणारा व्यावसायिक प्रशिक्षक चालतो.

## आणि फाटकाला कुलूपच असेल तर?

हक्क अडवण्याच्या हेतूने कुलूप लावणं, खोटी पाटी लावणं हे कायद्याला मंजूर नाही. ॲबरफॉइलजवळ लॉख ॲर्डच्या परिसरात ड्रमलीन इस्टेटीत कुलूपबंद फाटकं होती आणि रानडुकरांपासून धोका असल्याची पाटी होती. लॉख लोमंड अँड द ट्रॉसाक्स नॅशनल पार्कने नोटीस काढली, मालक न्यायालयात गेला, आणि कुलपं कायद्याच्या आधीपासूनची आहेत हा बचाव २०१८ मध्ये वरच्या न्यायालयात टिकला नाही.

तुम्हाला असं फाटक लागलं तर वाद घालत बसू नका. फाटकाचा आणि पाटीचा फोटो काढा, नकाशावरचा ग्रिड क्रमांक टिपा, आणि त्या भागाच्या कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या) किंवा नॅशनल पार्कच्या ॲक्सेस ऑफिसरला पाठवा. कुलूप उघडायला लावणं हे त्यांचं काम आहे. त्या सकाळी पलीकडे जायचंच असेल तर आधी विजेची तार नाही ना ते बघा, मग बिजागरीच्या बाजूने चढा. कडीच्या बाजूने चढलं की फाटक वजनाने लोंबकळतं आणि बिजागरी वाकते. तिची दुरुस्ती शेतकऱ्याच्या खिशातून होते.